दारात येऊन गाडी धुणाऱ्यांनी पाणी-वीज कुणाची वापरावी?

घरी येऊन गाडीचं डिटेलिंग, म्हणजे आतून-बाहेरून बारकाईने सफाई आणि पॉलिश, करून देणारे आता पुण्या-मुंबईबाहेरही मिळतात. पैसे आधी ठरतात, पाणी-विजेचं मात्र कुणी बोलत नाही. माणूस प्रेशर वॉशर (जोराने पाणी मारणारं मशीन) उतरवतो आणि विचारतो, "नळ कुठंय? प्लग कुठंय?" तिथून कुरबुर सुरू होते. धंद्यातले, सोसायटी सांभाळणारे, वायरिंग जाणणारे, सगळ्यांनी लिहा. आकडे द्या, सामान सांगा, काय बिघडतं आणि का ते सांगा.

डिटेलर, पिंपरी-चिंचवड

माझं ठाम मत: वीज ग्राहकाची चालेल, पाणी आपलं हवं.

विजेचा हिशेब करून बघा. १६०० वॅटचा वॉशर प्रत्यक्ष १५ मिनिटं चालतो, म्हणजे ०.४ युनिट. १२०० वॅटचा व्हॅक्यूम २० मिनिटं, तेही ०.४. मशीन पॉलिश असेल तर ८०० वॅटचं पॉलिशर तीन तास, २.४ युनिट. सगळं धरून सव्वातीन युनिटच्या आत. युनिटला दहा-बारा रुपये धरले तरी चाळीसच्या वर जात नाही.

पाण्याचा प्रश्न पैशाचा नाही, क्षारांचा आहे. खडकवासल्याचं पाणी मऊ, त्यावर काम छान होतं. पण वाघोली, उंड्रीकडे बोअर किंवा टँकरचं पाणी असलं तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर सहज लिटरला ८०० मिलिग्रॅम दाखवतो. धुतल्यावर पॅनेलवर १०० मिली पाणी राहिलं तरी ८० मिलिग्रॅम क्षार रंगावर सुकतात. काळी गाडी, तापलेलं बॉनेट आणि दुपारचं ऊन असेल तर दहा मिनिटांत पांढरे गोल डाग. ताजे असताना व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन फडक्याने मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. डाग क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, उतरला असेल तर पॉलिशशिवाय जात नाही, आणि पॉलिश म्हणजे थोडा थर कायमचा गेला.

नळाचंच पाणी घ्यावं लागलं तर ते सुरुवातीच्या धुण्याला घ्या आणि शेवटचे १५-२० लिटर डीआयोनायझरमधून (क्षार काढून घेणाऱ्या फिल्टरमधून) सोडा. आतलं रेझिन किती टिकेल ते पाण्याच्या टीडीएसवर ठरतं. बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा २० च्या पुढे गेला की बदला. सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) लावून टीडीएस कमी होत नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, डाग पडतात, पण ते ओल्या फडक्याने निघतात. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी मात्र गाडीला अजिबात नको, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.

इलेक्ट्रिशियन, ठाणे

वीज ग्राहकाची चालेल म्हणणं सोपं आहे, पण कुठल्या सॉकेटमधून? १६०० वॅटचा वॉशर २३० व्होल्टला सुमारे ७ अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या कित्येक पट. पार्किंगमधलं सॉकेट बहुधा ६ अँपिअरचं. १६ अँपिअरचं नसेल तर वॉशर लावूच नका.

दुसरी चूक एक्स्टेंशनची. ३० मीटर लांब, ०.७५ चौरस मिमीची वायर घेतली तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं झालं. त्यावर ७ अँपिअरला साधारण ११ व्होल्ट जातात, आणि सोसायटीत संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी असतं. इंडक्शन मोटर असेल तर कमी व्होल्टेजला ती जास्त करंट ओढते आणि तापते. २.५ चौरस मिमीची तीन कोअर रबर केबल घ्या. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर वापरण्याआधी पूर्ण उलगडा, वेटोळ्यात उष्णता अडकून इन्सुलेशन वितळतं.

टू-पिन कन्व्हर्टर लावून अर्थिंग तोडणाऱ्यांना ओल्या जमिनीवर काम देऊ नये, एवढंच मी म्हणेन. ३० मिलिअँपिअरचा पोर्टेबल आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) स्वतःचा बाळगा, रोज टेस्ट बटण दाबा. ग्राहकाचा आरसीसीबी ट्रिप होत असेल तर बायपास करू नका. बहुतेकदा जोड पाण्यात असतो. जोड जमिनीपासून उचलून बंद डबीत ठेवा.

सोसायटी सचिव, नवी मुंबई

पार्किंगचं सॉकेट कॉमन मीटरवर असतं, नळ कॉमन टाकीवर. ते एकट्या फ्लॅटधारकाने देण्यासारखं नाहीच. एका गाडीला ६० लिटर, रोज ४० गाड्या, म्हणजे २४०० लिटर: दहा हजारांच्या टँकरचा जवळजवळ चौथा हिस्सा. टंचाईच्या दिवसांत हे दिसतं. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये जलमंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरल्यास पाच हजार दंड लावला होता.

बेसमेंटचा त्रास वेगळा. चिखल जाळीच्या नालीतून संपमध्ये (पाणी साठणाऱ्या खड्ड्यात) जातो, गाळ बसतो, सबमर्सिबल पंप जाम होतो, मग पावसाळ्यात पाणी लिफ्टच्या खड्ड्यात. आमच्याकडे नियम असा: बेसमेंटमध्ये फक्त बादली, वॉशर वरच्या मोकळ्या जागेत.

डिटेलर, नाशिक

बादली म्हणालात म्हणून लिहितो. धूळ असलेल्या गाडीला वॉशर लागतच नाही. रिन्सलेस वॉशचं (नंतर पाणी ओतून धुवावं न लागणारं) द्रावण १:२५६, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत ४० मिली. आठ मायक्रोफायबर त्यात भिजवा, प्रत्येकाच्या चार घड्या घाला, एका पॅनेलला एक बाजू, सरळ रेषेत. वापरलेली बाजू परत गाडीला लावायची नाही. नळ नको, प्लग नको, जमीन जेमतेम ओली.

मर्यादाही आहे. पावसाळ्यातला चिखल किंवा कोकणातून आलेली लाल माती यावर हे करू नका, खडे कापडाखाली फरफटतात. आधी गार्डन स्प्रेने द्रावण मारा, पाच मिनिटं थांबा, तरी माती खरखरीत लागली तर पाण्याचा जोर हवाच.

व्हॅनवाला, कोल्हापूर

सगळं स्वतःचं ठेवायचं असेल तर वजन धरा. २०० लिटर म्हणजे २०० किलो. अर्धी भरलेली टाकी ब्रेकला पुढे उसळते. आत आडवे पडदे असलेली टाकी घ्या, रॅचेट पट्ट्यांनी चॅसिसला बांधा, नुसत्या फ्लोअरला नको. टाकीतून पाणी ओढायला सेल्फ-प्रायमिंग (स्वतः पाणी खेचणारा) वॉशर लागतो. लान्स (पुढची लांब नळी) काढून, ट्रिगर दाबून बुडबुडे थांबेपर्यंत चालवा, मगच लान्स. हवा ओढत पंप चालला की सील जातात.

विजेला १२ व्होल्टचा इन्व्हर्टर वॉशरसाठी घेऊ नका: १६०० वॅटला तिथे १५० अँपिअरच्या आसपास जातात, केबल आणि लग्ज (केबलच्या टोकाचे जोड) तापतात. ४८ व्होल्टला तेच काम ३७-३८ अँपिअरवर होतं. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त काढली तर लवकर मरते. म्हणून बॅटरीवर वॉशर आणि व्हॅक्यूम, तीन तासांचं पॉलिशर ग्राहकाच्या प्लगवर. जनरेटर स्वस्त पडतो, पण रविवारी सकाळी सोसायटीत कुणी लावू देत नाही, आणि ते बरोबर आहे.

मूळ पुण्याचा, सध्या न्यू जर्सी

इथे बरेच डिटेलर पाण्याची टाकी आणि जनरेटर घेऊनच येतात, कारण अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नळच नसतो. स्वतंत्र घर असेल तर नळ मागतात, पण बुकिंगलाच. साबणाचं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात जाऊ देत नाहीत. ते प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नदीत पोचतं.

डिटेलर, पिंपरी-चिंचवड

बेसमेंटचा मुद्दा मान्य, तिथे वॉशर नकोच. बुकिंगला मी पाठवतो तो मेसेज देतो, हवा तर उचला: "गाडी कुठे उभी असते, बेसमेंट की उघड्यावर? १६ अँपिअरचं सॉकेट किती मीटरवर, आणि ते तुमच्या मीटरचं की सोसायटीचं? नळाचं पाणी घ्यावं लागलं तर ते पालिकेचं, बोअरचं की टँकरचं? सोसायटीची परवानगी आहे का? पाणी आम्ही आणू, वीज तुमची लागेल, साधारण एक युनिट. पॉलिश असेल तर साडेतीन. वीज देता येत नसेल तर आधी कळवा, बॅटरी घेऊन येऊ, त्याचे पैसे वेगळे."