दोन वेगळी ग्राफिक्स कार्डं: मेमरीची बेरीज होते का?
८ आणि १२ जीबीची दोन कार्डं लावली की गेमला २० जीबी मिळतील का, या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. गेम एकाच कार्डावर चालतो. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रामचं सायकल्स हे चित्र तयार करणारं इंजिन दोन्ही कार्डं वापरतं, पण प्रत्येक कार्डात सीनची वेगळी प्रत जाते. म्हणजे मर्यादा ८ जीबीचीच. स्वतःच्या संगणकावर एआय भाषा-मॉडेल चालवणारा लामा.सीपीपी हा प्रोग्राम मात्र मॉडेलचे थर दोन्ही कार्डांत वाटून देतो. दुसरं कार्ड घेण्याचं खरं कारण मला तरी हेच वाटतं.

घेण्याआधी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नक्की पाहा. दोन्ही एनव्हिडियाची असतील तर विंडोजमध्ये एकाच ड्रायव्हर आवृत्तीत दोन्ही बसायला हवीत. एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीच्या कार्डांचा आधार ड्रायव्हरच्या ४७० मालिकेवर थांबला, आरटीएक्स ४०९० ला त्यापुढचा ड्रायव्हर लागतो. ही जोडी जमणारच नाही. एनव्हिडिया आणि एएमडी एकत्र सहसा नांदतात.

मॉनिटरची केबल गेमच्या कार्डालाच लावा, नाहीतर प्रत्येक फ्रेम दुसऱ्या कार्डातून फिरून येते. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे प्रत्येक प्रोग्रामला कार्ड नेमून देता येतं.

आणि कृपया, एसएमपीएसपासून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यापासून) दोन्ही कार्डांना स्वतंत्र केबल द्या. ८ पिनचा एक कनेक्टर १५० वॉटसाठी असतो. एकाच केबलच्या दोन टोकांवर दोन कार्डं लावली तर ती केबल तापते.