‘बायोस मारला’ : पावतीवर काय लिहावं?

गोदाकाठ, नांदेड
साडू पुण्याहून आले होते. त्यांच्या चिरंजीवाने लॅपटॉपमध्ये भलत्याच बोर्डाची बायोस फाईल घातली. (बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम.) मॉडेलचं नाव तेच, आतला बोर्ड वेगळा. अपडेटचा प्रोग्रॅम नको नको म्हणत होता, याने व्हिडिओ बघून बळंच करायला लावलं. मग दिवा लागतोय, पंखा फिरतोय, पडदा काळा ठिक्कर. वजिराबादला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्याकडे टाकला. दुपारी साडूंनी फोन केला तर हा म्हणतो, “काका, बायोस मारायलोय, थोडा दम धरा.” साडू रिक्षा करून दुकानात हजर. “मारायला कुणी सांगितलं? नीट करायला दिला होता!”

दुकानाच्या भाषेत ‘बायोस मारणे’ म्हणजे तो प्रोग्रॅम चिपमध्ये नव्याने भरणे, हे कळल्यावर भांडण मिटलं. पण पोरगा आता विचारतोय, “सर, पावतीवर काय लिहू?” ‘बायोस पुनर्लेखन’ लिहिलं तर गिऱ्हाईक म्हणेल, मी काय पोथी आणून दिली होती का. सुचवा.

शुद्धलेखनी
‘मारणे’ ही हिंदीची उसनवारी. झाडू मारना, तसं हे. मराठी माणूस केर काढतो. चिपमध्ये मजकूर लिहिला जातो, म्हणून ‘बायोस लिहिले’. एवढं सोपं आहे.

काळं रान
हिंदीची कशी काय? खिळा मारणे, शिक्का मारणे, उडी मारणे, गप्पा मारणे, हे सगळं काय दिल्लीहून आलं? कपाशीवर औषध मारतो तेव्हा औषध मरत नाही. मरते ती अळी, तीही मेली तर. साडूंनी कपाशी कधी पाहिली नसावी.

लातूरचा पाहुणा
मूळ घोळ ‘मारणे’चा नाहीच, ‘मारायलोय’चा आहे! आमच्याकडे ‘काय करायलास?’ म्हणजे ‘काय करतोयस?’ पुण्यात लागलो तेव्हा साहेबांचा फोन आला, मी म्हणालो, “जेवायलोय.” ते म्हणाले, “कुठे?” त्यांना वाटलं जेवायला निघालोय. साडूंनाही तसंच वाटलं असणार, की अजून मारलेला नाही, धावत गेलो तर वाचवता येईल.

गोदाकाठ
हे मात्र पटलं. ते खरंच धावत आले होते.

जुना सोल्डर, परभणी
‘लिहिले’ म्हणणाऱ्यांनी काम बघितलेलं दिसत नाही. आधी बॅटरीची वायर काढायची. बोर्डावर आठ पायांची चिप असते, तिला चिमटा लावायचा, चिमट्याची दोरी प्रोग्रामर नावाच्या यंत्राला, ते संगणकाला. पहिलं काम वाचणे. आतलं आहे तसं उतरवून घ्यायचं, दोनदा, आणि दोन्ही फाईली तंतोतंत जुळल्या तरच पुढे. कारण सिरीयल नंबर आणि बऱ्याच वेळा विंडोजची किल्लीही त्यातच असते. ती गेली की मग खरा ‘मारला’. मग पुसणे, मग लिहिणे, मग पडताळणे. लिहिणं तिसऱ्या नंबरावर, आणि पैसे तुम्ही चारही कामांचे घेता. शिवाय चिप १.८ व्होल्टची असली आणि ३.३ दिला, तर तिथंच राम.

आणि गंमत बघा, या चिपच्या मेमरीला फ्लॅश हे नाव मुळात पुसण्यावरून पडलंय, लिहिण्यावरून नाही. तोशिबात फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी काढली, १९८४ साली जगापुढे मांडली. आतलं सगळं एका झटक्यात पुसलं जातं, ते बघून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. त्याआधीच्या चिपांना वरून काचेची खिडकी असायची. पुसायचं तर अतिनील दिव्याखाली ठेवून चहा प्यायचा. खिडकीवर चिकटपट्टी लावायला मी एकदा विसरलो होतो, त्याचं पुन्हा कधीतरी.

काळं रान
फोटोचा फ्लॅशही मारतातच. झालं सिद्ध.

शुद्धलेखनी
काहीही सिद्ध झालेलं नाही. चार माणसं चूक बोलतात म्हणून ती पावतीवर छापायची? आणि बायोससारख्या चिपमधल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात, त्याला तरी मराठी शब्द नको का? ‘दृढाज्ञावली’ कसा वाटतो?

वैद्याची नात
दृढाज्ञावली ऐकून लॅपटॉप आपणच बंद पडेल. आजोबा म्हणायचे, पारा ‘मारल्याशिवाय’ पोटात जाऊ द्यायचा नाही. धातू मारायचा म्हणजे त्याचं भस्म करायचं. म्हणजे मारणे हे संस्काराचं नाव, नाशाचं नव्हे. बायोसला हाच अर्थ चपखल बसतो.

लातूरचा पाहुणा
आणि मूठ मारणे?

वैद्याची नात
ती चिरंजीवांनी मारली.

जुना सोल्डर, परभणी
फर्मवेअर हा इंग्रजी शब्दही जुगाडच आहे. १९६७ साली आशर ऑप्लर यांनी डेटामेशन मासिकात वापरला. कडक (हार्डवेअर) आणि मऊ (सॉफ्टवेअर) यांच्या मधलं काहीतरी हवं होतं. आपल्याकडे त्याला ‘निबर’ म्हणतात. भेंडी होते तशी.

काळं रान
निबराज्ञावली!! माझं मत याला.

शुद्धलेखनी
थट्टा करायची असेल तर चालू द्या. पण तुम्ही ‘चिमटा लावायचा’ लिहिलंत. चिमटा काढतात किंवा घेतात.

जुना सोल्डर, परभणी
अंगाला काढतात. वाळत घातलेल्या धोतराला लावतात. चिपला मी ३० वर्षं लावतोय.

लातूरचा पाहुणा
आमची आई धोतराला चाप लावते. चिमटा चुलीजवळ.

गोदाकाठ
मंडळी, पावतीचं राहिलं. लॅपटॉप सुरू झाला, फक्त आता चालू होताना सिरीयल नंबरच्या जागी रिकामं दिसतं. पोरगा म्हणतो, जुना उतरवून ठेवलाय, तो परत भरतो. साडूंना हे कळवायचंय, आणि ‘भरायलोय’ म्हणू नको एवढं मी त्याला बजावलंय.

काळं रान
का? पैसे भरायचेत असं वाटेल?

शुद्धलेखनी
चाप हा कपड्याला नव्हे, बंदुकीला.