शेरखान जपानी होता, साहेब!

बारा_बत्तीसची_लोकल:
परवा इथे एकाने लिहिलं, 'पोरांना अ‍ॅनिमेचं खूळ लागलंय. आमची पिढी असला जपानी कचरा न बघता मोठी झाली. दाखवायचंच तर त्यांना 'सिंहासन' सिनेमा दाखवा.' खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

साहेब, १९९३ साली रविवारी सकाळी तुमच्या घरात 'जंगल बुक'चा मोगली लागत नव्हता का? तो निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा, १९८९ चा, बावन्न भागांचा. जपानी दिग्दर्शक मियाझाकीने १९७८ साली 'फ्यूचर बॉय कोनान' केलं तोच स्टुडिओ. इथे गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजची चाल जोडली, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज दिला आणि आपण त्याला घरचाच समजून बसलो.

आमच्या मजल्यावर चौदा नंबरच्या काकूंकडेच टीव्ही. ब्लॅक अँड व्हाइट, त्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद: वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. मोगलीचं डोकं निळं, पोट नारिंगी, पाय हिरवे. बगीरा तेवढा जसा हवा तसा दिसायचा. तरी वीस पोरं हलायची नाहीत. चित्रात मुका प्रसंगही गोष्ट सांगतो हे मी तिथे शिकलो, फिल्म सोसायटीत नाही.

लालबागचा_खडूस:
ती पोस्ट माझीच. वीस पोरं बसली म्हणून कलाकृती थोर होत असेल तर चौदा नंबरच्या काकूंचे पोहेही थोर. सिंहासन १९७९ चा. आजही मुख्यमंत्र्याची खुर्ची हलली की लोकांना तोच आठवतो. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू शेवटी ज्या तऱ्हेने हसतो, ते हसू अजून अंगावर येतं. तुमचं चड्डी घातलेलं फूल कुठल्या अग्रलेखात आलं?

बारा_बत्तीसची_लोकल:
सिंहासनमध्येही नाना पाटेकर आहेत, छोट्या कामात. म्हणजे तुमचा न् आमचा वाघ एकच.

जेजेचा_कट्टा:
मुळात मोगली मुंबईचाच. त्याची गोष्ट लिहिणारा किपलिंग १८६५ साली आमच्या जेजे कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मला, वडील तिथे शिकवायचे. तो बंगला अजून उभा आहे.

सुधारणा_मंडळ:
उभा आहे तो नंतरचा बंगला. ज्यात जन्मला ते घर पाडलं. तिथे शिकून एवढंही माहीत नाही?

जेजेचा_कट्टा:
आम्ही चित्रं काढायला जायचो, सातबारा बघायला नाही.

वर्सोवा_बूथ_तीन:
मुद्दा वेगळाच आहे. शेरखान मराठी माणूस, आणि बोलला हिंदीत! जानेवारी २०२५ मध्ये युगो साको आणि राम मोहन यांचं १९९२ चं अ‍ॅनिमेशनमधलं रामायण थिएटरात आलं. हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी. सप्टेंबरात 'डेमन स्लेयर' हा अ‍ॅनिमे. परत हिंदी, तमिळ, तेलुगू. मराठी कुठाय?

मी डबिंगमध्ये सोळा वर्षं आहे. कानात मूळ जपानी, समोर कागद, पडद्यावर ओठ. पात्राचे ओठ मिटले की तिथे प, ब किंवा म यायला हवा, नाहीतर आवाज परका वाटतो. त्यासाठी एकेका वाक्याचे आम्ही सहा-सहा टेक देतो. तेही हिंदीसाठी, आणि बूथमध्ये निम्मे मराठी. एका निर्मात्याला मराठीबद्दल विचारलं, तर म्हणाला, 'तुम्हा लोकांना हिंदी कळतं ना, मग डबल खर्च कशाला?'

मालाड_पूर्व:
बरोबरच बोलला. मराठी डब आलं तर तिकीट कोण काढणार? तुम्ही?

वर्सोवा_बूथ_तीन:
दहा काढेन. तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत ते सांगा आधी.

मालाड_पूर्व:
हे आलंच! सेमी-इंग्लिश. आणि तुमची?

वर्सोवा_बूथ_तीन:
महापालिकेच्या मराठी शाळेत. वर्गात अकरा मुलं उरलीत. अजून काही?

मालाड_पूर्व:
नाही. तेवढं चुकलं माझं. तिकिटाचं मात्र चुकलं नाही.

लालबागचा_खडूस:
माझ्या पोस्टचं श्राद्ध घालून झालं असेल तर विषयावर या. डब मराठीत करा नाहीतर मोडीत, सिंहासनशी बरोबरी होते का?

जेजेचा_कट्टा:
खडूसशेठ, किपलिंगची मूळ गोष्ट वाचलीत? लांडग्यांचा म्होरक्या अकेला म्हातारा होतो. शेरखान तरुण लांडग्यांच्या कानाला लागतो, टोळी फोडतो आणि भर सभेत म्हाताऱ्यावर उलटवतो. सिंहासनमधले तुमचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे दुसरं काय करत असतात?

लालबागचा_खडूस:
...

सुधारणा_मंडळ:
पहिल्यांदाच तीन टिंबं बघतोय यांची.

लालबागचा_खडूस (तीन दिवसांनी):
रविवारी नातीला घेऊन मोगली लावला. एक भाग बघणार होतो, चार झाले. वाघाच्या आवाजात दाभाडे झालेल्या डॉ. लागूंची सर नाही, पण माणूस धमकी देताना आवाज खाली आणतो, ते जमलंय. 'कचरा' शब्द मागे घेतो. फक्त तो शब्द.

वर्सोवा_बूथ_तीन:
नातीला कुठल्या भाषेत दाखवलात?

लालबागचा_खडूस:
हिंदीत. तोंड उघडायला लावू नका.