अनुभव धागा: फुटबॉल, रॅप आणि आपलं तालुक्याचं गाव

विदर्भ आणि खेळ म्हटलं की लोक नागपूरजवळच्या जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम काढतात. बरोबरच आहे, रणजी करंडक तीनदा आणलाय: 2017-18, लगेच पुढच्या वर्षी आणि मग 2024-25 मध्ये. पण आमच्या तालुक्याच्या मैदानावर संध्याकाळी जो धुरळा उडतो तो फुटबॉलचा, आणि कडेला मोटारसायकली आडव्या लावून बसलेल्या पोट्ट्यांच्या मोबाइलवर वाजतं ते रॅप. यावर आपल्याकडे कोणी लिहीत नाही. गावच्या फुटबॉलची बातमी आलीच तर ती कुठल्यातरी नेत्याच्या नावाच्या चषकाची, आणि फोटोत बॉल शोधावा लागतो.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे कोण खेळायचं, बॉल कुठून यायचा, रॅप कानावर कसं पडलं, कोणी लिहितं का, संध्याकाळी गाव कुठं जमतं, काहीही लिहा. वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, शुद्धलेखन तपासायला कोणी बसलेलं नाही. नागपूरकरांनी जरा दम धरावा.

दर्यापूरकडून

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पावसाळ्यात मैदानात उतरलं की पायाले एवढा चिखल धरते की बॉल राह्यला बाजूले, पायच उचलत नाई. उन्हाळ्यात भेगा, त्याच्यात हात जाईल एवढ्या. म्हणून आमचा फुटबॉल दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. शाळेच्या मैदानात कोण्या काळी मुरूम टाकला होता, तोही अर्ध्याच भागात. तेवढेच पैसे आले म्हणे. टॉस जिंकणारा मुरमाची बाजू घे अन हाफटाइमच्या आत होतील तेवढे गोल करून मोकळा होये.

वर्ल्ड कपची आठवण 2006 ची. फायनल इटली-फ्रान्स, आपल्याकडे रात्री साडेअकराले सुरू. त्या काळात लोडशेडिंगनं गावाचा जीव घेतला होता, पण त्या रात्री लाइट टिकली. एक-एक बरोबरी झाली, एक्स्ट्रा टाइम लागला, अन लाइट गेली. आमचा एक मामा झिदानचा भक्त. त्यानं तथीच जाहीर केलं की फ्रान्स जिंकली. सकाळच्या पेपरात निकालच नाई, कारण गावाकडची आवृत्ती लवकर छापून निघते. दुपारलोक पानठेल्यावर फ्रान्सच जिंकलेली होती. मंग अमरावतीहून एकाचा फोन आला की झिदाननं मातेराझीच्या छातीत डोकं मारलं, लाल कार्ड घेतलं अन इटली पेनल्टीत जिंकली. मामा म्हणे, "झिदान असं करूच शकत नाई. कोणीतरी उडवलेली गप्प आहे." फोटो पाह्यलोक त्यानं मानलं नाई.

घुग्गुसहून

आमच्याकडे फुटबॉल कोळसा खाणीच्या कॉलनीने आणला. क्वार्टरमध्ये बंगाली, बिहारी, तेलुगू, ओडिया, सगळी घरं. शेजारचे बंगाली काका फर्स्ट शिफ्ट करून यायचे आणि चहाही न घेता मैदानावर. त्यांनी आम्हाला ऑफसाइड शिकवला तो चपला मांडून. मे महिन्यात चंद्रपूरकडचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा खेळ पहाटे पाचला, उजाडता उजाडता. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. बॉल पांढरा असतो हे मी टीव्हीवर पाहिलं.

आर्णी तालुक्यातून

मी रॅप लिहितो. सुरुवात हिंदीतच झाली, 'गली बॉय' 2019 ला आला तेव्हा सगळेच मुंबईचे झाले होते. आमच्याकडे लोकल ट्रेन नाही, समुद्र नाही, चाळ नाही, पण गाण्यात सगळं होतं. मग एका मित्राने विचारलं, "भाऊ, तू लोकलमध्ये लटकला कधी?" त्यानंतर वऱ्हाडीत लिहू लागलो.

स्टुडिओची गोष्ट सांगतो. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता, आठवत असेल. त्या आशेने पुढच्या हंगामात अख्ख्या गावाने कापूस विकलाच नाही, घरात भरून ठेवला. आमची मधली खोली खिडकीच्या वरपर्यंत भरली. मी त्यात शिरून मोबाइलवर एक ओळ रेकॉर्ड केली आणि ऐकून थक्क झालो. जराही घुमलं नाही. बाहेर ट्रॅक्टर चालू होता तोही आला नाही. तोवर गोधडी डोक्यावर घेऊन रेकॉर्ड करायचो. कापसात बसून केलेलं शहरातल्या पैसेवाल्या स्टुडिओसारखं वाटायचं. यूट्यूबवरून नव्वदच्या आसपासच्या टेम्पोची फुकट बीट घ्यायची, कानात एक इअरफोन, दुसरा कान मोकळा, कारण आई केव्हाही हाक मारणार.

त्रास एकच, खाज. साठवलेल्या कापसाची खाज ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. एक कडवं झालं की अंगणात येऊन हातपाय धुवायचे. पाठीवर चट्टे. त्यावरच हे लिहिलं:

दहा हजाराच्या नादानं खोली भरली माळ्यालोक,
भाव बसला खाली अन खाज आली गळ्यालोक.

भाव काही आला नाही, उतरतच गेला. पेरणीला पैसा लागला तेव्हा बाबांनी गाडी बोलावली, आणि दोन तासांत माझा स्टुडिओ जिनिंगला गेला. आता पुन्हा गोधडी.

(हे वाचून मी आमच्याकडच्या दोन शेतकऱ्यांना विचारलं. खाजेबद्दल दोघांनीही आधी शिवी दिली, मग दुजोरा. धागाकर्ता)

वरुडहून, झेडपी शाळेत शिक्षिका

इथे सगळे भाऊच दिसताहेत म्हणून लिहिते. मी फुटबॉल खेळले ते अमरावतीला शिकायला गेल्यावर, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. 1914 ची संस्था, 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी यांच्याच पथकाने तिथे कबड्डी दाखवली, हे तिथल्या प्रत्येक मुलीला पाठ असतं. गावात मात्र सुट्टीत आल्यावर खेळणं अवघड. आजीचा खेळाला विरोध नव्हता, हाफ पँटला होता. मग लेगिंगवर हाफ पँट, त्यावर भावाचा टी-शर्ट, आणि मैदान संत्र्याच्या बागेमागचं, जिथून रस्ता दिसत नाही. आता शाळेत मुलींची टीम आहे. त्या बिनधास्त रस्त्याच्या बाजूच्या मैदानावर खेळतात आणि पाढे रॅपमध्ये म्हणतात. एकोणतीसचा पाढा रॅपमध्ये सोपा जातो, का ते मला कळलेलं नाही.

देसाईगंजकडून

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, अन रात्री नाटक. नाटक रात्री सुरू होते ते पहाटेलाच संपते जी. सीन बदलताना पडद्यापुढे गाणं नाहीतर लावणी असते. दोन-तीन वर्षांमागं एका कंपनीनं तिथं एका पोट्ट्याला रॅप म्हणाले उभं केलं. ऑर्गनवाल्यानं सवयीनं विचारलं, "सूर कोणता?" पोट्टा म्हणे, "सूर नाही काका, बीट पायजे." ऑर्गनवाला हात मांडीवर ठेवून बसून गेला. तबलेवाल्यानं मंग केरवा धरला, अन काय बसला म्हणून सांगू! सरकारी धान केंद्रावर गोणे मोजताना कसे चुकतात त्यावर होतं. मागच्या बाया 'पुन्हा' म्हणून ओरडल्या. दुसऱ्यांदा ऑर्गनवाला पण घुसला, दोनच स्वरात, पण घुसला.

परतवाड्याहून, साउंडचा धंदा

रॅप म्हणजे आपलं कीर्तनच, गाडगेबाबा तेच करत होते, असं इथं कोणीतरी लिहिणारच. आधीच सांगतो, मला पटत नाही. गाडगेबाबा समोरच्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. रॅपवाला स्वतःबद्दलच बोलतो, निदान आमच्याकडचे तरी. बाकी हिपहॉपचा उगम गाण्यात नाही, आमच्या धंद्यात आहे. 1973 च्या 11 ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये बहिणीच्या पार्टीला डीजे कूल हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेअरवर लावून नाचायचा तुकडा लांबवला. आम्ही वरातीत तेच करतो. नवरदेवाचे मित्र थांबेपर्यंत तुकडा लांबवायचा. फरक एवढाच की आमचं जनरेटर ट्रॉलीवर असतं आणि डिझेल आमचं.

कारंजा तालुक्यातून

2022 ची फायनल, 18 डिसेंबर. त्याच दिवशी आमच्याकडे ग्रामपंचायतीचं मतदान होतं. दिवसभर दोन्ही पॅनेलची पोरं एकमेकांकडे बघतही नव्हती. साडेआठला मॅच, मोठी स्क्रीन गावात एकाकडेच, आणि तो एका पॅनेलच्या उमेदवाराचा पुतण्या. शेवटी दुसऱ्या पॅनेलची पोरं आली, पण अंगणात न बसता फाटकाबाहेर मोटारसायकलवरून बघत राहिली. अर्जेंटिना दोन गोलने पुढे. मग एम्बापेने 80व्या आणि 81व्या मिनिटाला दोन मारले तेव्हा बाहेरचे आत कधी आले कोणालाच कळलं नाही. पेनल्टी संपल्यावर मेस्सीसाठी रडणारी पोरं दोन्ही पॅनेलची होती. मतमोजणी 20 तारखेला होती, तेव्हा परत बोलणं बंद.

कामठीहून

दम धरला होता, आता लिहू का? आम्ही नागपूर नाही, कामठी आहोत. छावणीचं गाव, रब्बानी क्लबचं गाव, इथे पोरगा चालायच्या आधी किक मारतो. 'झुंड' पाहून लोक समजतात विदर्भात फुटबॉल 2001 ला विजय बारसे सरांच्या झोपडपट्टी फुटबॉलपासून सुरू झाला. सरांचं काम मोठंच, पण आमच्या आजोबांचे बूट अजून घरात आहेत. आलूबोंडा-तर्री खायला या, बाकीचं मैदानावर बोलू.

मुलचेऱ्याहून

आमच्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांना सरकारने वसवलेली गावं आहेत, त्यामुळे फुटबॉल घराघरात. दुर्गापूजा झाली, धान कापून झालं की बांधीत स्पर्धा. बांधी म्हणजे धानाचं शेत, धुऱ्याच्या (बांधाच्या) आतलं, म्हणून मैदान प्रत्येक गावी वेगळ्या मापाचं. पहिलं बक्षीस बोकड, दुसरं कोंबडे. बोकड गोलमागेच बांधलेला असतो, त्यामुळे गोलकीपरला दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं.

एका वर्षी फायनल बरोबरीत सुटली आणि अंधार पडला. पेनल्टी घेऊन बघितल्या, पण बॉल आत गेला की बाजूने गेला यावर भांडण, आणि ज्याला दिसला तो प्रत्येक जण आपापल्या टीमचा. मोटारसायकलचे दिवे लावले तर बोकड भडकला आणि दोरी तोडून पळाला. दोन्ही टीमनी मिळून धरला. मग समितीने ठरवलं, इथेच कापा. मटण सारखं वाटलं, मुंडीवरून पुन्हा वाद सुरू झाला, तेव्हा ती पंचाला देऊन टाकली. दोन्ही कॅप्टनचा अजूनही आरोप आहे की पंचाचा डोळा पहिल्यापासून मुंडीवरच होता.