इटलीच्या सहलीत कोणत्या गावाला किती रात्री दिल्या? आपले अनुभव लिहा

इटलीला जायचे ठरले की गावांची यादी करायला वेळ लागत नाही. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, मुलांच्या आग्रहाखातर पिसाचा कललेला मनोरा, आणि कोणी अमाल्फी किनाऱ्याची छायाचित्रे दाखवली की तोही. ओढाताण सुरू होते ती हे सगळे मिळालेल्या रजेत बसवताना. प्रवासी कंपन्यांची वेळापत्रके सगळ्यांनी पाहिलेली आहेत, त्यामुळे ती येथे नकोत. स्वतः आखणी करून गेलेल्यांनी मुक्काम कोठे केला, किती केला, काय गाळले आणि ते का गाळले, हे लिहावे अशी विनंती आहे.

सुरुवात मीच करतो. आम्ही नवरा-बायको पुण्याहून ऑक्टोबरमध्ये गेलो होतो आणि आखणी करताना एकच नियम पाळला, तो म्हणजे दिवस न मोजता रात्री मोजायच्या. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास आणि फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास लागतात, हे वाचून माणसाला वाटते की रोज एक शहर सहज होईल. परंतु सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, सामान ओढत स्टेशन गाठायचे, दुसऱ्या शहरात उतरून नवे घर शोधायचे आणि दुपारी तीनपर्यंत तेथील खोलीचा ताबा मिळण्याची वाट पाहायची, एवढ्यात गाडी दीड तासाची असली तरी दिवसाचा मोठा तुकडा निघून जातो. म्हणून मुक्काम तीनच ठेवले. सर्वांत जास्त रात्री रोमला, त्याहून एक कमी फ्लॉरेन्सला आणि दोन व्हेनिसला. पिसा पूर्ण गाळले आणि त्याऐवजी अर्धा दिवस ऑर्व्हिएतोला दिला. हे गाव रोम-फ्लॉरेन्स मार्गावरच एका खडकाच्या माथ्यावर वसलेले आहे. स्टेशनसमोरून दोरीच्या रेल्वेने वर जाता येते आणि तेथील कॅथीड्रलचा दर्शनी भाग दुपारच्या उन्हात पाहावा असा आहे.

रोमला जास्त रात्री देण्याचे कारण सुट्ट्यांचे वार हे होते. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती विनामूल्य उघडतात खरी, पण त्या दिवशी रांगेला अंत नसतो. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असल्यास सार्वजनिक दर्शन देतात, त्यामुळे सेंट पीटर्सच्या चर्चमध्ये सहसा दुपारनंतरच जाता येते. बोर्गेझे गॅलरी सोमवारी बंद असते आणि इतर दिवशी आगाऊ वेळ घेऊन फक्त दोन तासांसाठी प्रवेश मिळतो. दोन रात्रींचा मुक्काम नेमका रविवार-सोमवारी आला तर काय उरते, याचा विचार करावा. विमानाचे तिकीट मात्र रोमला उतरून व्हेनिसहून परतण्याचे काढावे, कारण केवळ विमानासाठी उलटे रोमला यायचे म्हणजे एक रात्र विनाकारण जाते.

नाशिकहून

आमच्याबरोबर सासूबाई आणि सासरे होते, दोघेही सत्तरीच्या पुढचे. त्यामुळे व्हेनिसमध्ये राहायचे की मेस्त्रेला, हा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता. मेस्त्रे म्हणजे खाडीअलीकडचे मुख्य भूमीवरचे गाव. तेथे खोल्या बऱ्याच स्वस्त मिळतात आणि व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनपर्यंत गाडीने दहा-बारा मिनिटे लागतात, म्हणून बहुतेक जण तेच सुचवतात. आम्ही मात्र जास्त पैसे देऊन बेटावरच राहिलो, आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मी हेच सांगेन. मेस्त्रेला राहिले की सकाळी दहाला सगळ्या गर्दीबरोबर आत शिरायचे आणि संध्याकाळी पाय दुखू लागल्यावर पुन्हा स्टेशन गाठायचे, असे होते. आम्हाला दुपारी खोलीवर येऊन पडता येत असे. दिवसभराचे पर्यटक परतल्यानंतर, रात्री नऊच्या सुमारास, सासरे सान मार्को चौकात एका पायरीवर निवांत बसले आणि तेथील वाद्यवृंद संपेपर्यंत उठायला तयार नव्हते.

सामानाविषयी एक सूचना आहे. व्हेनिसमध्ये मोटार पियाझ्झाले रोमा या चौकापर्यंतच येते, पुढे पाय किंवा बोट. प्रत्येक पुलाला पायऱ्या असतात, आणि मोठी ट्रॉली बॅग असेल तर एक माणूस पुढून आणि एक मागून धरून ती पालखीसारखी पार करावी लागते. म्हणून घर निवडताना भाडे किंवा खोलीची छायाचित्रे पाहण्याआधी मी नकाशावर बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल येतात हे मोजले होते. आम्हाला एकही पूल न लागणारे घर मिळाले. बोटीचे सव्वा तासाचे सुटे तिकीट महाग पडते, त्यामुळे दोन-तीन दिवसांचा पास घ्यावा. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावे लागते. बेटावर राहणाऱ्यांना ते माफ असते, कारण ते मुक्कामाचा कर वेगळा भरतात, परंतु सवलतीची नोंद आधी करून ठेवावी लागते.

म्युनिकहून

मी नोकरीनिमित्त येथे राहते आणि आई-बाबा आले की ब्रेनर खिंडीतून व्हेरोनाकडे जाणारी गाडी पकडते, त्यामुळे माझा हिशेब विमानाने येणाऱ्यांपेक्षा वेगळा आहे. वर तीन मुक्कामांची बाजू मांडली आहे, मी त्याही पुढे जाऊन एकाच मुक्कामाची मांडते. आम्ही पूर्ण आठवडा बोलोन्याला राहिलो. तेथून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत येते, व्हेनिस दीड तासावर आहे आणि रावेन्ना साध्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास. रोज सकाळी पाठीवर छोटी पिशवी घेऊन निघायचे आणि रात्री ओळखीच्या घरी परतायचे. एकच घर असल्यामुळे स्वयंपाकघरही मिळाले, आणि आईला दिवसाआड वरण-भात करता आला की तिची बाकी कशाविषयीच तक्रार नसते. आणखी एक गोष्ट, कट्टर शाकाहारी असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पार्मेझान चीज तयार करताना वासराच्या जठरातून मिळणारे विरजण वापरतात. स्वतःच्या स्वयंपाकघरात आपण काय वापरतो ते ठरवता येते, उपाहारगृहात प्रत्येक वेळी विचारावे लागते.

बोलोन्याच्या कमानींखालच्या पदपथांना २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, आणि पावसाळी दिवशी छत्री न उघडता शहर कसे पाहता येते ते तेथे कळते. रावेन्नाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील मोझेइकांसाठी, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांसाठी, तर वेगळा दिवस द्यावाच. गाल्ला प्लाचिदियाची समाधी म्हणून ओळखली जाणारी इमारत बाहेरून साधी, विटांची, एखाद्या गोदामासारखी दिसते. आत शिरल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो आणि मग गडद निळे छत सोनेरी ताऱ्यांनी भरलेले दिसू लागते.

पैशांबाबत इतकेच सांगते की वेगवान गाड्यांची तिकिटे जितक्या उशिरा काढावीत तितकी महाग पडतात, साध्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे मात्र ठरलेले असते. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तो नसेल तर जवळ तिकीट असूनही दंड होतो.

कोल्हापूरहून

फ्लॉरेन्सला आम्ही एक दिवस वाढवला तो उफिझ्झी या प्रसिद्ध कलासंग्रहालयासाठी नव्हे, तर छत्रपती राजाराम महाराजांच्या स्मारकासाठी. कोल्हापूरचे हे तरुण छत्रपती इंग्लंडहून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. त्यांचे दहन शहराच्या पश्चिमेस, अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, हिंदू पद्धतीने करण्यात आले. त्याच जागी १८७४ मध्ये छत्री उभारली गेली आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या महाराजांचा अर्धपुतळा आहे. तो इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांनी केला. फ्लॉरेन्सचे लोक या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात, आणि जवळच अर्नोवर विसाव्या शतकात बांधलेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

वेळेचे गणित असे की हे स्मारक काशिने नावाच्या लांबलचक उद्यानाच्या पार टोकाला आहे. ट्रामने उद्यानाच्या शहराकडील बाजूला उतरून पुढे नदीकाठाने चालत गेलो, तर जाण्यायेण्यात संपूर्ण सकाळ जाते. वाटेत धावणारे, सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे भेटतात, पर्यटक जवळजवळ दिसत नाहीत. वडिलांनी छत्रीसमोर चपला काढल्या तेव्हा बाजूच्या बाकावरचे एक इटालियन आजोबा उठून उभे राहिले. कोल्हापूरच्याच नव्हे, कोणत्याही मराठी माणसाने फ्लॉरेन्सला दोन रात्री ठेवल्या असतील तर तिसरी ठेवून ही सकाळ काढावी, असे मला वाटते. ती सोमवारी काढल्यास उत्तम, कारण त्या दिवशी उफिझ्झी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असलेली अकादमिया, दोन्ही बंद असतात.

डोंबिवलीहून

सगळे जण रोमच्या उत्तरेकडेच चालले आहेत, म्हणून दक्षिणेच्या वतीने लिहितो. आम्ही व्हेनिस आणि मिलान दोन्ही सोडून रोम आणि नेपल्स एवढेच केले. रोमहून नेपल्स वेगवान गाडीने सव्वा तासावर आहे. काही जण रोमहून पहाटे निघून पॉम्पेई पाहून रात्री परततात, पण पॉम्पेईचे अवशेष साठ हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेले आहेत, सावली फारशी नाही आणि दगडी रस्त्यांवर चालून माणूस दुपारपर्यंत थकतो. शिवाय इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरातील उत्तमोत्तम भित्तिचित्रे आणि मोझेइके नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ते पाहिल्याशिवाय पॉम्पेईच्या रिकाम्या भिंती अर्ध्याच कळतात. म्हणून एक दिवस संग्रहालय, दुसरा पॉम्पेई हाच क्रम ठेवावा आणि संग्रहालयाला मंगळवारी सुट्टी असते हे ध्यानात घ्यावे. पॉम्पेईला २०२४ च्या अखेरीपासून दिवसाला वीस हजार लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकीट नावानिशी मिळते, त्यामुळे ते आधी काढून ठेवावे.

तेथे नेणारी चिर्कुमवेसुव्हियाना ही लोकल आहे. डोंबिवलीकरांना तिच्या गर्दीचे काही वाटणार नाही, फक्त पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. उतरायचे स्थानक ‘पॉम्पेई स्काव्ही’ आहे, नुसते पॉम्पेई नव्हे. अमाल्फी किनाऱ्यासाठी निदान दोन रात्री असतील तरच जावे. एकाच रस्त्यावरून बस आणि मोटारी एकमेकींना वाट देत सरकतात, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबरच्या हंगामात सालेर्नोहून बोटीने जाणे चांगले. गुडघे दुखणाऱ्यांनी पोझितानोच्या पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नये.

बंगळुरूहून

मला मात्र एकेका रात्रीचे मुक्काम आवडतात, आणि येथील मताला छेद देण्यासाठीच लिहीत आहे. सामान एका बॅगेत मावत असेल आणि मोटार भाड्याने घेतली असेल तर तोस्कानात असेच फिरावे. सिएना, पिएन्झा, मोंतेपुल्चानो ही गावे संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी नऊच्या आधी खरी उमगतात, आणि ती वेळ तेथे झोपणाऱ्यालाच मिळते. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आवश्यक आहे. जुन्या शहरांच्या वेशीवर ‘झेड-टी-एल’ (मर्यादित वाहतुकीचा भाग) अशी पाटी आणि कॅमेरा दिसला की आत गाडी घालू नये. दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि मोटार देणारी कंपनी नाव-पत्ता कळवण्याचे शुल्क वेगळे कापते. मोटार फ्लॉरेन्समध्ये घेण्याऐवजी शहराबाहेरच्या विमानतळावरून घेतली की हा प्रश्न बराच सुटतो.

ठाण्याहून, एक प्रश्न

मे महिन्यात दोन शाळकरी मुलांना घेऊन जात आहोत. दहा रात्री आहेत आणि परतीचे विमान मिलानच्या माल्पेन्साहून आहे. व्हिसासाठी सगळी आरक्षणे आधीच दाखवावी लागणार, मग नंतर बदल करता येतो का? आणि काय गाळावे?

धागाकर्त्याचे उत्तर

विनाशुल्क रद्द होणारीच आरक्षणे करावीत. इटलीबरोबर दुसरा शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एक) जोडणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाच्या वकिलातीकडे अर्ज करायचा असतो, त्यामुळे रात्रींचे वाटप व्हिसापुरतेही महत्त्वाचे ठरते. एका रात्रीचा फेरफार सहसा अडत नाही, मात्र मुख्य देश बदलेल असा बदल करू नये.

दहा रात्रींत नेपल्स आणि अमाल्फी गाळावे. रोम चार, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस दोन आणि शेवटची मिलानला, कारण व्हेनिसहून मिलानला अडीच तास लागतात आणि रेल्वेच्या संपाच्या दिवशी हेच अंतर अंगावर येते. मिलानमधले लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ हे चित्र पाहायचे असेल तर आधी त्याचे तिकीट पाहावे आणि मगच मिलानची तारीख ठरवावी. थोड्याच लोकांना एका वेळी पंधरा मिनिटांसाठी आत सोडतात, तिकिटे फार आधी संपतात आणि सोमवारी ते बंद असते. मुलांना तेवढ्यासाठी एका गावी थांबवणे जड वाटत असेल, तर त्या दुपारी मिलानहून साध्या गाडीने तासाभरावर असलेल्या वारेन्नाला कोमो सरोवराच्या काठी जाऊन रात्री परतावे. दुसऱ्या दिवशी माल्पेन्सासाठी मध्यवर्ती स्टेशनवरून थेट गाडी मिळते, तिला तासाभराच्या आत वेळ लागतो.