'प्राइम कट्स' ऐकून सुइसायडल टेंडन्सीज कळतात का?

रात्रपाळी

पुतण्या अकरावीत आहे, मेटॅलिका या मेटल बँडचा कट्टर भक्त. बेसिस्ट रॉबर्ट ट्रुहियो २००३ मध्ये मेटॅलिकात आला, त्याआधी तो कुठे वाजवायचा हे शोधता शोधता पोरगा सुइसायडल टेंडन्सीज या बँडपर्यंत पोचला. नव्या बँडच्या बाबतीत सगळे जे करतात तेच त्यानं केलं: थेट 'बेस्ट ऑफ' लावला. १९९७ साली एपिक या रेकॉर्ड कंपनीनं काढलेला 'प्राइम कट्स'. ऐकून झाल्यावर म्हणाला, "काका, भारी आहेत हे. पण यांना पंक का म्हणतात? हा तर सरळसरळ मेटल बँड आहे."

त्याचे कान चोख आहेत. गडबड अल्बमची आहे.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉस एंजेलिसच्या समुद्रकाठी व्हेनिस नावाची वस्ती आहे. तिथल्या माइक म्यूरनं १९८० मध्ये हा बँड सुरू केला. त्याचा भाऊ जिम डॉगटाउन स्केटबोर्डच्या धंद्यातला, त्यामुळे पहिल्यापासून स्केटवाली पोरं यांच्या भोवती. डोक्याला बांधलेले रुमाल, वर वळवलेल्या टोपीच्या कडा आणि हातानं चितारलेले शर्ट हा त्यांचा अवतार पुढे जगभर गेला. १९८३ मध्ये फ्रंटियर रेकॉर्ड्सनं त्यांचा पहिला अल्बम काढला. बारा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. निखळ हार्डकोर, म्हणजे पंकचा आणखी वेगवान, आक्रमक प्रकार. पुढे १९८७ चा 'जॉइन द आर्मी', १९८८ चा 'हाउ विल आय लाफ टुमॉरो', १९९० चा 'लाइट्स... कॅमेरा... रेव्होल्यूशन!' असं करत बँड थ्रॅशकडे, म्हणजे वेगवान मेटलकडे सरकत गेला. पंक आणि थ्रॅश यांच्या या मिश्रणाला क्रॉसओव्हर म्हणतात, आणि ते घडवणाऱ्या पहिल्या फळीत हे लोक आहेत.

म्हणजे बदल हीच या बँडची कहाणी. आणि 'प्राइम कट्स'मध्ये नेमका तो बदलच ऐकू येत नाही. 'इन्स्टिट्यूशनलाइज्ड' त्यात आहे, पण १९८३ चं नव्हे. १९९३ मध्ये बँडनं आपला पहिला अल्बम 'स्टिल सायको आफ्टर ऑल दीज इयर्स' या नावानं पुन्हा रेकॉर्ड केला, त्यातलं आहे. १९८७ च्या अल्बममधली 'जॉइन द आर्मी' आणि 'पझेस्ड टू स्केट' हीसुद्धा १९९७ मध्ये नव्यानं वाजवलेली. ऐंशीच्या दशकातली पंकची अख्खी पाटी नव्वदीच्या हातानं पुसून पुन्हा लिहिली आहे. माझं म्हणणं असं की, हा अल्बम नवख्याच्या हाती देऊ नये.

बेसवाला ठाणे

तीव्र असहमत.

तुमचा पुतण्या ट्रुहियोच्या शोधात आला होता ना? मग १९९३ च्या 'इन्स्टिट्यूशनलाइज्ड'मध्ये बेस ट्रुहियोचाच आहे. १९८३ मध्ये तो बँडमध्ये नव्हता, तेव्हा लुईश मायोर्गा होता. पोराला जे हवं होतं ते अल्बमनं त्याला दिलं.

दुसरं असं की १९८३ चं रेकॉर्डिंग पातळ आहे. ड्रम दबलेले, गिटार खरखरीत. मी स्वतः वाजवतो म्हणून ठामपणे सांगतो, दहा वर्षं मंचावर वाजवून गाणं मुरतं. १९९३ मध्ये रॉकी जॉर्जची गिटार ऐका, प्रत्येक स्वर जागच्या जागी. बँडला आपलंच गाणं अधिक चांगलं वाजवता येत असेल तर त्यांनी ते का वाजवू नये? जुनं ते सोनं हा हट्ट पंकवाल्यांना शोभत नाही.

रात्रपाळी

@बेसवाला, पातळ आहे हे मान्यच आहे, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

ते गाणं काय आहे ते बघा. एक पोरगा खोलीत एकटा बसलाय, विचार करतोय. आई येते, काय झालं विचारते. काही नाही, फक्त एक पेप्सी दे, असं तो म्हणतो. आई म्हणते, तू नशेत आहेस. नाही गं, मी ठीक आहे, पेप्सी दे. ती ऐकतच नाही. मग आई-बाप मिळून ठरवतात की याला कुठल्या तरी संस्थेत भरती केलं पाहिजे. म्यूर हे गात नाही, बोलतो. सुरुवातीला सावकाश, समजावणीच्या सुरात, मग शब्द एकमेकांवर चढायला लागतात, श्वास पुरत नाही, आणि मागचा ताल एकदम उधळतो. म्यूरचा जन्म १९६३ चा. १९८३ च्या रेकॉर्डिंगमध्ये तो विशीचा पोरगा आहे, आवाज फाटतोय, काही शब्द तर गिळलेच जातात. १९९३ मध्ये तिशीचा कसलेला गायक तेच संवाद म्हणतो. कुठे थांबायचं, कुठे चढायचं, त्याला ठाऊक आहे. ज्या गाण्याचा विषयच "माझं कुणी ऐकत नाही" हा आहे, त्यात प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येणं हा तोटा आहे.

सई कोथरूड

रात्रपाळींशी सहमत, पण मला अडचण वेगळी वाटते. हार्डकोर बँडचा 'बेस्ट ऑफ' ही कल्पनाच मला पटत नाही. पहिला अल्बम सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांचा आहे. त्यातून निवडायचं काय? शिवाजीनगर ते लोणावळा लोकलमध्ये तो दोनदा ऐकून होतो.

संकलन मात्र मी सरसकट टाकाऊ म्हणणार नाही. डेड केनेडीज या पंक बँडचं १९८७ चं संकलन आहे, त्यात सिंगल्स आणि इकडेतिकडे विखुरलेली गाणी एकत्र आणलीत. मायनर थ्रेटनं १९८९ मध्ये सगळी रेकॉर्डिंग एका सीडीत घातली. तिथे गोळा करण्याला अर्थ होता, कारण ती गाणी अन्यथा सात इंची तबकड्यांवर पडून होती. मोटरहेडनं १९८४ च्या 'नो रिमोर्स'मध्ये चार नवी गाणी घातली, आणि त्यातलं 'किल्ड बाय डेथ' पुढे त्यांच्या ओळखीचं गाणं झालं. मेटॅलिकानं तर आजवर 'ग्रेटेस्ट हिट्स' काढलेलाच नाही. 'प्राइम कट्स' यातल्या कुठल्याच जातीचा नाही. विखुरलेलं गोळा करत नाही आणि जे मुळात होतं तेही देत नाही.

गिरगावचा जुना श्रोता

सईताई, आज फोनवर सगळंच आहे म्हणून तुम्ही असं म्हणू शकता. नव्वदीत मुंबईत हे संगीत ऐकायचं म्हणजे जे दुकानात आलं ते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये रॅक चाळायचे, कुणाचा आतेभाऊ अमेरिकेतून येणार असेल तर त्याच्याकडे यादी द्यायची, एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायचं. फ्रंटियरसारख्या छोट्या कंपनीचा १९८३ चा अल्बम आमच्यापर्यंत यायचा प्रश्नच नव्हता. एपिक म्हणजे सोनी, त्यामुळे त्यांचा माल येऊ शकायचा. आमच्यासारख्या कित्येकांना या बँडचं दार 'प्राइम कट्स'नंच उघडलं, आणि मग आम्ही उलटे मागे गेलो. २०११ मध्ये मेटॅलिका बंगळुरूला आले तेव्हा आमची गँग गेली होती. ट्रुहियो खाली वाकून, बेस गुडघ्यापर्यंत लोंबवत वाजवताना दिसला तेव्हा शेजारचा मित्र ओरडला तो "सुइसायडल!" असाच. हे त्या संकलनाचं देणं आहे. त्याला दिशाभूल म्हणणं मला लागलं.

हक्क_आणि_हरकत

थोडा व्यवहाराचा मुद्दा, तो कुणीच मांडला नाही.

गाणं लिहिण्याचा हक्क एक, आणि त्या गाण्याच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसरा. १९८३ चं ध्वनिमुद्रण फ्रंटियरकडे, १९८७ चा अल्बम कॅरोलाइन या दुसऱ्या कंपनीकडून आलेला. एपिककडे जे होतं ते १९८८ पासून पुढचं. मोठी कंपनी संकलन काढते तेव्हा आपल्या कपाटात काय आहे ते आधी बघते. दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण घ्यायचं तर परवानगी आणि पैसे. स्वतःच्या कलाकाराकडून पुन्हा वाजवून घेतलं की नवं ध्वनिमुद्रण आपलं. टेलर स्विफ्टनं २०२१ पासून स्वतःचे जुने अल्बम पुन्हा गायला घेतले, त्यामागे हाच कायदा आहे. फक्त तिथे फायदा कलाकाराचा झाला.

पुन्हा रेकॉर्ड करण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती न सांगण्याला. आपल्याकडे जुनं नाटक परत आलं की जाहिरातीत 'नव्या संचात' असं ठळक छापतात. प्रेक्षक त्या तयारीनं जातो. इथे स्ट्रीमिंगच्या यादीत नुसतं 'इन्स्टिट्यूशनलाइज्ड' दिसतं, अल्बमचं साल १९९७ दिसतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की १९८४ च्या 'रेपो मॅन' चित्रपटात वाजलेलं गाणं ते हेच.

बेसवाला ठाणे

@हक्क_आणि_हरकत, तुमचा मुद्दा स्ट्रीमिंग कंपन्यांना लागू पडतो, बँडला नाही. १९९३ च्या अल्बमचं नाव वाचा: इतक्या वर्षांनंतरही तेवढेच वेडे. काही लपवलेलं नाही, उलट छाती ठोकून सांगितलंय की ही दहा वर्षांनंतरची आवृत्ती आहे.

आणि @रात्रपाळी, 'पंक पुसलं' हे मला मुळातच चुकीचं वाटतं. हा बँड १९८३ मध्येही शुद्ध पंक कुठे होता? त्या पहिल्या अल्बमवर ग्रँट एस्टेसचे गिटार सोलो, म्हणजे एकट्या गिटारच्या ताना आहेत. त्या काळच्या हार्डकोरमध्ये सोलो वाजवणं म्हणजे पाप होतं. 'फ्लिपसाइड' या पंक फॅन्झीनच्या (चाहत्यांनीच काढलेल्या मासिकाच्या) वाचकांनी १९८२ मध्ये यांना सर्वात वाईट बँड ठरवलं होतं. मेटल त्यांच्यात पहिल्या दिवसापासून होतं. १९९३ मध्ये फक्त ते धडपणे ऐकू आलं.

सई कोथरूड

सोलोचा मुद्दा एकदम बरोबर, आणि तो तुमच्याच विरुद्ध जातो! एस्टेसचा सोलो त्या कळकट रेकॉर्डिंगमध्ये येतो तेव्हा दचकायला होतं. इतक्या उघड्यावाघड्या पंकमध्ये हे कुठून आलं, असं वाटतं. दोन जमातींची टक्कर तिथे प्रत्यक्ष ऐकू येते. १९९३ मध्ये मागे मेटलचीच भक्कम भिंत उभी आहे. त्या भिंतीपुढे सोलो आला काय न आला काय, कुणी दचकत नाही.

त्या काळी पंकवाल्यांच्या कार्यक्रमात लांब केसांचा मेटलवाला शिरला की मारामाऱ्या व्हायच्या. 'जॉइन द आर्मी' आल्यावर जुने चाहते चिडले ते उगाच नाही. रॉकी जॉर्जचा बँडबरोबरचा तो पहिला अल्बम, आणि बँड कुठल्या बाजूला चाललाय हे त्यात उघड झालं. एका सालाच्या आवाजात सगळं घोटून दिलं की हे भांडण कळणारच नाही.

ड्रमस्टिक

१९९७ च्या दोन नव्या गाण्यांबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो. 'बर्सर्क' आणि 'फीडिंग द अॅडिक्शन'. बँड १९९५ मध्ये फुटला होता. नंतर म्यूर आणि माइक क्लार्क यांनी नवी माणसं घेऊन तो उभा केला: गिटारवर डीन प्लेझंट्स, बेसवर जॉश पॉल, ड्रमवर ब्रूक्स वॅकरमन. वॅकरमन तेव्हा जेमतेम विशीचा, पुढे बॅड रिलिजन आणि अव्हेंज्ड सेव्हनफोल्डमध्ये गेला. या संचाची पहिली रेकॉर्डिंग याच अल्बमवर आहेत. 'पझेस्ड टू स्केट'च्या नव्या आवृत्तीत वॅकरमनचे ड्रमच्या पेडलवरचे पाय ऐका, काय सुटलेत! मी ड्रमवाला आहे, माझ्यासाठी एवढ्यावर अल्बमची किंमत वसूल.

(मूळ 'पझेस्ड टू स्केट'चा व्हिडिओ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. त्यात बापाच्या भूमिकेत चक्क टिमथी लिअरी आहे, एलएसडीचा प्रचार करणारा तो मानसशास्त्रज्ञ.)

रात्रपाळी

@ड्रमस्टिक, हे पटतं. 'प्राइम कट्स' १९९७ च्या बँडचा अल्बम म्हणून ऐकला तर तो चांगला आहे. बारशाला जुन्याच माणसाचं नाव ठेवलं म्हणून गोंधळ होतो.

@गिरगावचा जुना श्रोता, तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता. तुम्हाला दुसरं दार उपलब्ध नव्हतं, तुम्ही मिळेल त्या दारानं आलात आणि पुढे मागे जाऊन सगळं ऐकलंत. आजच्या पोराला चारही दारं उघडी आहेत, आणि यादीत सगळ्यात वर हेच ठेवलेलं असतं. शिवाय तो मागे जाईलच याची खात्री नाही, कारण त्याला वाटतं की मागचं त्यानं ऐकलंय. 'इन्स्टिट्यूशनलाइज्ड' माहीत आहे, पुढे चला.

माझा क्रम असा: आधी १९८३ चा अल्बम, एका बैठकीत. मग १९८७ चा. 'हाउ विल आय लाफ टुमॉरो' तिसरा, कारण त्याच्या शीर्षकगीतात बँड पहिल्यांदा हळू वाजवायला, वाट पाहायला शिकलेला दिसतो आणि म्यूर खरोखर गायला लागतो. इथपर्यंत आलेल्याला 'प्राइम कट्स' खुशाल द्या.

बेसवाला ठाणे

तीन अल्बम झाल्यावर 'बेस्ट ऑफ' कोण कशाला ऐकेल? तोपर्यंत पोराची बारावी उरकेल.

ट्रुहियोसाठी आलेल्याला मी 'लाइट्स... कॅमेरा... रेव्होल्यूशन!' देईन. 'सेंड मी युअर मनी'ची सुरुवात लावायची, टीव्हीवरून देवाच्या नावानं पैसे मागणाऱ्या प्रचारकांवरचं गाणं आहे. नुसता बेस येतो, फंकच्या चालीचा, उड्या मारणारा, आणि मग गिटार त्यावर आदळते. पंक, थ्रॅश आणि फंक तिन्ही एका गाण्यात. आणि हे गाणं 'प्राइम कट्स'वर १९९० चंच, जसंच्या तसं आहे. 'यू कान्ट ब्रिंग मी डाउन'ही तसंच. अर्धा अल्बम मूळ आहे हे तुमच्या धाग्यात कुठेच आलं नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.