विषय: सोलापूरला भावाची दारू सोडवायची आहे, विमा चालेल का?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ सोलापुरात यंत्रमागावर होता. आता सकाळपासूनच पितो. त्याच्या आरोग्य विम्याचा हप्ता मी इथून भरतो, पण व्यसनमुक्तीचा खर्च कंपनीने नाकारला. आई म्हणते, चार दिवस खोलीत ठेवलं की सुटेल. कुणाला अनुभव आहे का?

---

दादा, आधी आईंना फोन लावा. खोलीत अजिबात ठेवू नका.

रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग भ्रम होतो. आमच्या मामांना असंच घरी ठेवलं होतं. तिसऱ्या रात्री ते गादीवर बसून हवेत तुटलेलं सूत जोडत होते. गाठ मारायची, टोक दाताने तोडायचं, परत पुढची गाठ. आम्हाला वाटलं, झोपेत करतायत. अंगाला हात लावला तर नुसती भट्टी! तसंच रिक्षात घालून दवाखाना गाठला, म्हणून वाचले.

आता विम्याचं. बहुतेक पॉलिसींत 'दारू, अमली पदार्थ व त्यांचे परिणाम' वगळलेले असतात. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारातच धरतो. कलम २१ म्हणतं, शारीरिक आजारांसारखाच विमा द्या. हे दोन कागद शेजारी ठेवले की माझा संताप होतो. नकार लेखी घ्या, कंपनीकडे तक्रार करा, नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे जा.

पण त्यासाठी उपचार अडवू नका. त्याला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. आयुष्मान भारतच्या पॅकेजांत व्यसनातून होणारे मानसिक विकार आहेत, मात्र ते मुख्यतः सरकारी रुग्णालयांतच मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेसाठी बसणाऱ्या मदतनिसाला भेटा, भरती व्हायच्या आधीच विचारा. आपला जिल्हा २०१२ साली राज्याच्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठांत होता, तीच आता महात्मा फुले योजना. तरी आमच्या गल्लीत अजून कित्येकांना वाटतं, ती फक्त हार्टच्या ऑपरेशनला.

रात्री-अपरात्री आईंना कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि एक, त्यांना रागावू नका. आम्हीही तेच केलं होतं.

---

ताई, आईशी बोललो. कडी काढली. सकाळपासून त्याला चहाची बशी धरवत नव्हती, हे तिने आत्ता सांगितलं. वहिनी त्याला घेऊन सिव्हिलला निघालीय, शेजारचा पोरगा सोबत आहे. रेशनकार्ड सापडलं, आईच्या पेटीत चादरीच्या घडीत होतं. पोचले की कळवतो.